संगणकाची नवी मोडी

संगणकाच्या आज्ञावलींची चर्चा वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कशाला, असें कित्येकांस वाटेल. परंतु आज्ञावली हेंही लेखनच आहे. ती एकदां लिहिली जाते आणि पुढें वर्षानुवर्षें दुसऱ्यांस वाचून सुधारावी लागते. असें असतां "यंत्राला कळलें कीं झालें" हें मत विद्वत्तेच्या थाटांत मांडलें जातें, व गुंतागुंतीची ओळ लिहिणारास हुशार म्हणून गौरविलें जातें. आमच्या मतें ही हुशारी नव्हे. हा शुद्ध आपमतलबीपणा होय.

महाराष्ट्रास हा धडा नवा नाहीं. मोडी लिपी भरभर लिहिण्याच्या सोयीची. आधीं आडवी रेघ ओढावी, मग हात फारसा न उचलतां अक्षरें जोडीत जावें. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्हें नाहींत, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाहीं. सोय लिहिणाराची झाली आणि तिचें ऋण वारसांच्या माथीं बसलें. २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां जुनीं दप्तरें हातीं असूनही मोडीच्या जाणकारांवांचून तीं मुकींच होतीं.

संगणकाच्या भाषांतही हेंच चाललें आहे. सी भाषेंत कोणती आज्ञा कोणत्या अटीखालीं येते हें महिरपी कंसांनीं ठरतें. ओळ आंत सरकविणें केवळ डोळ्यांसाठीं. २०१४ सालीं ॲपलच्या सुरक्षाविषयक आज्ञावलींत "गोटू फेल" ही ओळ लागोपाठ दोनदां पडलेली आढळली. कंस नव्हते. दुसरी ओळ अटीखालची दिसे, पण ती बिनशर्त अमलांत येई, आणि पुढील तपासणी टळे. पायथनमध्यें, जी १९९१ सालीं प्रसिद्ध झाली, ओळीचें आंत सरकणें हेंच व्याकरण आहे. डोळ्यांस दिसतें तेंच यंत्रास कळतें.

मग सर्वांनीं पायथन घ्यावी, म्हणजे झालें काय? हाही भ्रमच. समास आंखल्यानें निबंध सुधारत नाहीं. कोबोल १९५९ सालीं इंग्रजी वाक्यांच्या धर्तीवर योजिली गेली, तरी गुंता करणारांनीं तिच्यांतही गुंता केलाच. रचना म्हणजे काय तें सातबाऱ्यास विचारावें. नमुना सातमध्यें जमीन कोणाची, नमुना बारामध्यें पीक कोणतें. शेतकरी नेमक्या रकान्यावर बोट ठेवतो. भाषा रकाने देईल. त्यांस योग्य नांवें देणें व योग्य जागीं योग्य नोंद करणें हें लिहिणाराचेंच काम.

"जाणत्यांस तर कळतें ना?" हा शेवटचा बचाव. मोडी लिहिणाऱ्या कारकुनासही तसेंच वाटत असेल. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यास अडल्यास विचारावयास कोणी तरी भेटतें. सातपुड्याच्या पायथ्याशीं, तळोद्यास, घरीं भिली किंवा अहिराणी बोलून इंग्रजी शब्दांशीं झुंजणाऱ्या मुलास पुष्कळदां समोरचा मजकूर हाच गुरु. पायथनच्या २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून तिच्यांत "क्षेत्रफळ", "मालक" अशीं देवनागरी नांवें चालतात. मूळ शब्द इंग्रजीच राहिले, तरी कांहीं वाट मोकळी झाली. ती वाट चलाखीच्या कांट्यांनीं पुन्हां बुजविणारास विद्वान् म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. यंत्र तक्रार करीत नाहीं. म्हणून ती वाचणारानें केली पाहिजे, आणि जी आज्ञावली वाचतां येत नाहीं, ती अपुरी समजून लिहिणाराकडे परत धाडली पाहिजे.