फौजेतला ट्रक दारी आणण्यापूर्वी

दसरा उलटला की शिरूर-दौंडकडच्या भाऊबंदांचे शहरात फोन येऊ लागतात. उसाचा हंगाम तोंडावर आलेला असतो. “दादा, लिलावातला लष्करी ट्रक स्वस्तात मिळतोय. निम्मे तुम्ही घाला, निम्मे मी घालतो.” दादांचा प्रॉव्हिडंट फंड नुकताच हाती आलेला असतो आणि वहिनींनी तो मुलीच्या लग्नासाठी मनात राखून ठेवलेला असतो. अशा घरांसाठी हे चार शब्द.

लष्करी गाडीचे आकर्षण या मुलखाला नवे नाही. एका अंगाला अहिल्यानगरचे चिलखती दलाचे केंद्र, दुसऱ्या अंगाला खडकी-देहूरोडचे डेपो. १९४५ साली महायुद्ध संपले, उरलेल्या गाड्या विकायला निघाल्या आणि ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द आपल्या बोलीत शिरला. पुढे १९५९ पासून जबलपूरला जर्मन ‘मान’ कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ ट्रक बनू लागला. तो दणकट खराच. पण त्याचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. तेव्हा सुटे भाग कोठे मिळतील, हे भावाआधी मिस्त्रीला विचारावे.

पहिली तपासणी बॉनेटची नव्हे, कागदांची. गाडी ‘वाहन’ म्हणून विकली आहे की ‘भंगार’ म्हणून, हे लिलावाच्या कागदावर पाहा. भंगार म्हणून विकलेली गाडी कितीही झोकात चालो, तिला रस्त्यावरचा नंबर मिळायचा नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही. सैन्याच्या खास कामाच्या गाड्या वगळल्या आहेत. लष्करी नंबरात वर टोक केलेला बाण असतो आणि त्यापुढचे दोन अंक गाडीचे साल सांगतात. चासीवर कोरलेला क्रमांक कागदाशी अक्षरन् अक्षर जुळवा. पैसे देण्यापूर्वी हे सारे कागद आर.टी.ओ.त दाखवून आणा. आणि हो, तो हिरवा लष्करी रंग खाजगी गाडीला कायद्याने चालत नाही. रंगकामाचा खर्च आधीच धरा.

मग गाडीकडे वळा. किलोमीटर कमी पडले म्हणजे गाडी नवी, असे नव्हे. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर आतून वाळते. होज, ब्रेकचे वायसर, टायर, सारे गेलेले असते. टायरच्या कडेला चार अंक असतात. ‘३२१४’ म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. ताज्या रंगाखाली गंज दडतो, म्हणून चासीला पाट्यांच्या जोडांपाशी तडे वा वेल्डिंग आहे का, ते बॅटरी घेऊन खाली वाकून पाहावे.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. मालकाने आधीच तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पहाटे जा. धूर निळा असेल तर इंजिन तेल खाते. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरत असण्याचा संभव. तेलाची पट्टी काढल्यावर तेल दुधाळ दिसले, तर नमस्कार करून परत फिरावे. चारही चाकांना जोर देणारा दांडा मोकळ्या मातीत टाकून बघा. डांबरी रस्त्यावर वळताना नको, गिअरांवर ताण येतो.

शेवटी हिशेब. लिलावाच्या किमतीत टायर, ब्रेक, रंग, नोंदणी, फिटनेस आणि विमा मिळवा. जादा डिझेलही मिळवा, कारण भारी गाडीची तहानही भारी. ही बेरीज साध्या जुन्या ट्रकाजवळ गेली, तर साधाच ट्रक घ्यावा.

हा हिशेब फोनवर करू नका. भाऊबिजेला सगळे जमले की कागद पुढे ठेवून, वहिनींसमोर करा. व्यवहार मोडला तरी चालेल, घरोबा मोडू नये. मुलीच्या लग्नाचा पैसा अंगणात गंजत उभा राहिला, तर ते दोन्ही घरांना रोज दिसते.