शिशुमार, सूंस आणि सुसर

हिवाळ्यात काशीच्या घाटांसमोर नावेतून फिरताना पांढऱ्या पक्ष्यांचे थवे भोवती घिरट्या घालतात. लोक त्यांना सरसकट ‘सायबेरियन’ म्हणतात आणि त्यांच्यापुढे शेव फेकतात. मराठीत या पक्ष्यांना ‘कुरव’ हा नेटका शब्द आहे; मुंबईहून मांडव्यास जाणाऱ्या बोटीमागेही ते याच ऋतूत येतात. त्यांपैकी तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटाकडील सरोवरांच्या काठी वीण करतो, तेव्हा ‘सायबेरियन’ हे नाव त्याला लागू पडत नाही. ग्रंथातले नावही येथे पुरे पडत नाही. कारण हिवाळ्यात डोक्याचा तपकिरी रंग जाऊन कानामागे गडद ठिपका तेवढा उरतो.

पक्ष्याच्या बाबतीत एवढ्यावर निभावते. जलचरांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. संस्कृत ‘शिशुमार’ या शब्दापासून हिंदीत ‘सूंस’ आला आणि मराठीत ‘सुसर’. शब्द सख्खे, प्राणी मात्र वेगळे. सूंस हा गंगेतील डॉल्फिन, श्वासासाठी वर येणारा, जवळजवळ आंधळा, ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून वाट काढणारा. सुसर हा मगरीच्या कुळातला सरपटणारा प्राणी. कोकणातला मच्छीमार समुद्रातील डॉल्फिनला ‘गादा’ म्हणतो. अशा स्थितीत केवळ व्युत्पत्तीवर विसंबणारा अनुवादक सूंसाची सुसर करून टाकील आणि निरुपद्रवी जीवाला हिंस्र ठरवील. ‘भागवता’च्या पाचव्या स्कंधातील शिशुमारचक्राचा अर्थ लावतानाही हा विवेक आवश्यक आहे.

अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांत ‘गंगापुपुटक’ येतो. अनेक अभ्यासक त्याला सूंस मानतात. 2009 मध्ये तो राष्ट्रीय जलचर ठरला. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी गणनेत देशातील नदी-डॉल्फिनची संख्या सुमारे सव्वासहा हजार आढळली. ज्याच्या रक्षणाची परंपरा एवढी जुनी, त्याचे नाव आपल्या अनुवादांत चुकावे, हे शोभणारे नाही.

म्हणून असे सुचवावेसे वाटते की, भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी जलचरांचा एक तौलनिक शब्दसंग्रह सिद्ध करावा. त्याची नोंद ग्रंथालयात नव्हे, तर कैथीजवळ गोमतीसंगमावरील आणि हर्णै-तारकर्लीच्या किनाऱ्यावरील नावांत बसून, मल्लाह व कोळी यांच्या तोंडून व्हावी. प्रत्येक शब्दाशेजारी प्रत्यक्ष पाहिलेल्या प्राण्याचे वर्णन असावे. कोश पाण्याजवळ नेला नाही, तर कोशातले प्राणी कागदावरच पोहत राहतील.