आधी यादी, मग हलवाहलव

सातबारा, वीजबिल, लग्नाचे फोटो असं सगळं डाउनलोड्समध्ये साचतं. पायथनच्या थोड्या ओळी एक्स्टेन्शन पाहून ते क्षणात वेगवेगळ्या फोल्डरांत लावतात. फोटो मात्र कॅमेऱ्यानं आत नोंदवलेल्या एक्झिफ तारखेनं लावावेत (व्हॉट्सॲपवरून आलेल्यांत ती बहुधा उरत नाही). मला खरी धास्ती सारख्या नावांची वाटते. फाइल हलवणारं, पायथनच्या पाथलिब मॉड्यूलमधलं ‘रिनेम’ विंडोजवर त्याच नावाची फाइल दिसली की चूक दाखवून थांबतं; लिनक्सवर मात्र जुनी फाइल न विचारता पुसून टाकतं. घरच्यांचे फोटो असे जाणं मला सहन होणार नाही. म्हणून स्क्रिप्टकडून आधी कुठली फाइल कुठं जाईल याची नुसती यादी छापून घेते, आणि नाव जुळलं तर पुढं आकडा जोडायची अट घालते.