ड्राइव्ह बदलण्याची घाई नको

परवान्याचा खर्च वाचावा म्हणून आमच्या लाऊडस्पीकरच्या दुकानातील जुन्या संगणकावर आम्ही लिनक्स बसवून घेतले. हिशेबाचे काम चोख झाले. पण एका लग्नातील कव्वालीची सीडी लावली, तेव्हा ‘माउंट करता येत नाही’ असा संदेश आला. दुरुस्तीवाल्याने ड्राइव्ह गेल्याचे सांगितले. आम्ही पैसे मोजून नवा घेतला, तर त्यानेही तेच रडगाणे लावले!

दोष ना ड्राइव्हचा होता, ना सीडीचा. ऑडिओ सीडीवर फाइली नसतातच. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरविलेल्या पद्धतीप्रमाणे तिच्यावर आवाज सलग आकड्यांत उतरविलेला असतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे. माउंट करणे म्हणजे फाइलींची वही उघडणे. वहीच नाही, तर उघडणार काय?

नुसते ऐकायचे असेल तर व्हीएलसीत ‘डिस्क उघडा’ म्हणावे. संगणकाने परवानगी नाकारली, तर आपले खाते ‘सीडीरॉम’ गटात आहे का ते पाहावे. जतन करायचे असेल तर मात्र सीडीपॅरानोइया वापरावे. डेटा सीडीच्या एका खणात २,०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत चूक दुरुस्त करण्याचीही तजवीज असते. ऑडिओत तेच २,३५२ बाइट आवाजालाच जातात, ही जादा तजवीज नसते. म्हणून हा प्रोग्राम तोच भाग पुन्हापुन्हा वाचून जुळवून पाहतो. ओरखडे असतील तर फार वेळ घेतो, घेऊ द्यावा. साठवण फ्लॅकमध्ये करावी, आवाज तसूभरही कमी होत नाही. (बाजारातील सीडींच्या प्रती काढून विका, असे आम्ही सांगत नाही. हे आपल्या स्वतःच्या रेकॉर्डिंगपुरते.)

दुरुस्तीवाल्या बांधवांवर आमचा राग नाही, तक्रार आहे. ड्राइव्ह काढण्यापूर्वी एखादी डेटा सीडी लावून पाहायला दोन मिनिटे लागतात. ती उघडली तर ड्राइव्ह वाचतो आहे, हे उघड आहे. दोष कळला नाही तर तसे सांगावे. अंदाजाचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेऊ नयेत.

घरी रेकॉर्ड केलेल्या सीडीचा रंगाचा थर वर्षांनी, उन्हाने उतरतो. आमच्या कपाटातील चाळीसपैकी तीन सीडी सीडीपॅरानोइयालाही वाचता आल्या नाहीत. त्यांतली एक त्याच लग्नाची दुसरी सीडी होती.