दिवे लावणारा

लहानपणी परीक्षेचा निकाल घेऊन घरी आलो की वडील चष्म्यावरून पाहत आणि विचारीत, "काय दिवे लावलेत यंदा?" दिवे लावणे ही वास्तविक किती चांगली गोष्ट! पण आपल्या मराठीने तिला असा काही पीळ घातला आहे की, 'त्याने काय दिवे लावले ते ठाऊक आहे' असे कुणी म्हटले की ऐकणाऱ्याने मान खाली घालावी. वर्षातून चार दिवस, दिवाळीत तेवढा, हा शब्द आपल्या मूळच्या सोज्वळ अर्थाने घरोघर वावरतो. म्हणून या अंकात एका खऱ्याखुऱ्या दिवे लावणाऱ्याची गोष्ट सांगण्याचे मनात आहे. गोष्ट दूरदेशीची आहे, सीरियाची. पण वाचकांनी थोडा धीर धरावा. ती फार परकी वाटणार नाही.

दमास्कस हे सीरियाच्या राजधानीचे शहर. विजेचे दिवे येण्यापूर्वी तिथल्या गल्ल्यांतून संध्याकाळी एक माणूस फिरे आणि कोपऱ्याकोपऱ्यावरचे दिवे लावीत जाई. त्याला म्हणत दोमरी. पुढे वीज आली, दोमरी गेला. पण शब्द मागे राहिला. रस्ता अगदी ओसाड पडला असेल तर दमास्कसचा माणूस म्हणतो, "तिथे दोमरीसुद्धा नाही." आपण 'चिटपाखरूही नाही' म्हणतो, तसे.

२००१ साली अली फरजात नावाच्या व्यंगचित्रकाराने दमास्कसमध्ये एक साप्ताहिक काढले आणि त्याचे नाव ठेवले 'दोमरी'. नाव मोठे सूचक होते. १९६३ साली बाथ पक्षाने सत्ता घेतल्यापासून देशात सरकारी छापाखेरीज दुसरे वर्तमानपत्रच नव्हते. अडतीस वर्षांत निघालेले हे पहिले स्वतंत्र पत्र, आणि तेही हसवणारे! लोकांनी ते हातोहात उचलले. दोन-अडीच वर्षांत, २००३ साली, सरकारने परवाना काढून घेतला आणि दिवा मालवला. पण त्या दोन वर्षांची किंमत कळायला आधी तो देश आणि तिथली माणसे थोडी ओळखीची व्हायला हवीत.

दमास्कसच्या जुन्या भागातले घर बाहेरून पाहाल तर नुसती मातीच्या रंगाची भिंत. दार उघडून आत गेलात की मधोमध फरसबंदी चौक, चौकात कारंजे, लिंबू-नारिंगाची झाडे, भिंतीवर चढलेली जाई, आणि चहूबाजूंनी खोल्या. ज्यांनी पुण्याचा किंवा वाईचा वाडा पाहिला आहे त्यांना निराळे काही सांगायला नको. श्रीमंती बाहेर दाखवायची नाही, आतल्यांसाठी ठेवायची, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

शहराच्या मध्यभागी उमय्या मशीद आहे. आठव्या शतकाच्या आरंभी खलिफा वलीद याने ती बांधविली. त्याआधी त्याच जागी सेंट जॉनचे चर्च होते, त्याआधी रोमनांचे ज्युपिटरचे देऊळ, आणि त्याच्याही आधी हदाद या पर्जन्यदेवाचे स्थान. मशिदीच्या आत आजही एक दर्गा आहे आणि त्यात येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या जॉनचे शिर आहे, अशी श्रद्धा आहे. मुसलमान त्यांना पैगंबर याह्या म्हणून मानतात. एकाच जाळीपुढे दोन धर्मांची माणसे हात जोडतात. २००१ सालच्या मे महिन्यात पोप दुसरे जॉन पॉल येथे आले. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप.

दमास्कसच्या ईशान्येला डोंगराच्या कुशीत मालूला नावाचे गाव आहे. येशूच्या बोलण्यातली भाषा जी आरामाईक, तिचे एक रूप या गावात अजून घरात, अंगणात, भांडणात वापरले जाते. शिवाय देशात सुन्नी आहेत, अलवी आहेत, द्रूझ आहेत, इस्मायली आहेत, कुर्द आणि आर्मेनियन आहेत. आपल्याला हे ऐकून नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याच एखाद्या आळीची शिरगणती केली तर यादी याहून लांब होईल.

ही माणसे नुसती शेजारी राहत होती असेही नव्हे. त्यांनी एकत्र राज्य करूनही पाहिले होते. १९२५ साली फ्रेंचांविरुद्ध उठाव झाला. त्याचा सेनानी सुलतान अल्-अत्रश हा द्रूझ होता आणि उठावाची घोषणा होती, 'धर्म देवाचा, देश सर्वांचा.' १९४६ साली फ्रेंच गेले. फारिस अल्-खूरी हे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती गृहस्थ या मुसलमानबहुल देशाचे दोन वेळा पंतप्रधान झाले, आणि कुणाला त्यात आकाश कोसळल्यासारखे वाटले नाही. १९४९ साली शिकलेल्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. स्वित्झर्लंडच्या बायकांना त्यासाठी १९७१ साल उजाडावे लागले. पण सगळेच गोड होते असे म्हणणे खोटे ठरेल. त्याच १९४९ साली लष्कराने एकदा नव्हे, तीनदा सत्ता बळकावली. दिवा लागला होता खरा, पण वाऱ्यावर ठेवलेला होता. १९६३ नंतर आणीबाणी पुकारली गेली ती अठ्ठेचाळीस वर्षे उठली नाही. १९७० साली हाफिज असद आले आणि त्यांच्यामागून, २००० साली, त्यांचे चिरंजीव बशार.

भीती माणसाचे काय करते, हे सादल्ला वन्नूस या नाटककाराने १९६९ सालच्या एका छोट्या नाटकात दाखविले आहे. राजाचा हत्ती मोकाट सुटलेला असतो. तो घरे मोडतो, शेते तुडवतो आणि एके दिवशी एका पोराला चिरडून मारतो. जकरिया नावाचा एक धीट माणूस लोकांना गोळा करतो. आपण सर्वांनी मिळून राजाकडे जायचे, असे ठरते. तालमी होतात. मी म्हणणार 'हत्ती', की तुम्ही सर्वांनी पुढची तक्रार एका सुरात सांगायची. तालमीत सूर छान जमतो. मग मंडळी राजवाड्यात जातात. एकेक दालन, एकेक पहारेकरी, एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीला आवाज थोडा थोडा आत जातो. राजासमोर जकरिया म्हणतो, "हत्ती!" मागे सामसूम. तो पुन्हा म्हणतो, "हत्ती!" कुणी तोंड उघडीत नाही. राजा संतापतो. तेव्हा जकरिया मागे वळून पाहतो आणि सांगतो की, महाराज, आपला हत्ती आम्हांस फार प्रिय आहे, तो बिचारा एकटा आहे, त्याला एक हत्तीण आणावी अशी आमची विनंती आहे!

मौज वाटते, आणि मग ती घशात अडकते. आपल्या मांजराच्या गळ्यात घंटा बांधणाऱ्या उंदरांची ही थोरली बहीण. फरक इतकाच की इथे उंदीर मांजरापर्यंत पोचतात आणि दुसरे मांजर मागून येतात.

अशा देशात माणसे पुन्हा बोलू लागली ती दिवाणखान्यांतून. बशार गादीवर आले त्या वर्षी, सप्टेंबर २००० मध्ये, नव्व्याण्णव लेखक-कलावंतांनी एक पत्रक काढले: आणीबाणी उठवा, राजबंद्यांना सोडा, बोलण्याची मुभा द्या. घरोघर बैठका भरू लागल्या. कुणाच्या तरी घरी खुर्च्या मांडायच्या, चहा-कॉफी द्यायची आणि राज्यघटना, न्यायालये, स्त्रियांचे हक्क यांवर मोकळेपणी बोलायचे. यालाच पुढे 'दमास्कसचा वसंत' म्हटले गेले. 'दोमरी' निघाला तो याच वसंतात. वर्षभरात, २००१ च्या उन्हाळ्याअखेर, धरपकड सुरू झाली.

धरलेल्यांत रियाद अल्-तुर्क होते. त्यांना तुरुंग नवा नव्हता. १९८० ते १९९८ अशी जवळजवळ अठरा वर्षे हे वकील गृहस्थ तळघरातल्या कोठडीत एकांतवासात होते. कागद नाही, पेन्सिल नाही, पुस्तक नाही. जेवणात मसुरीचे सूप येई. त्यातले न शिजलेले काळे, कठीण दाणे ते वेचून ठेवीत आणि त्यांची जमिनीवर चित्रे मांडीत. मग मोडीत आणि पुन्हा मांडीत. आपल्या घरच्या बायका उंबऱ्याशी रांगोळी काढतात. ती दुसऱ्या दिवशी पुसली जाणार हे त्यांना ठाऊक असते, तरी रेषा वाकडी गेली तर जीव हळहळतो. त्या कोठडीतल्या रांगोळीला पाहणारे कुणी नव्हते. तरी अठरा वर्षे ती निघत राहिली. संस्कृती म्हणजे काय, असे मला कुणी विचारले तर आता मी एवढीच गोष्ट सांगेन.

पुढचे सर्वांनी वाचलेले आहे. मार्च २०११ मध्ये दरा गावच्या शाळकरी पोरांनी भिंतीवर सरकारविरोधी अक्षरे लिहिली, त्यांना पकडून छळले गेले आणि देश पेटला. अली फरजात तोवर खऱ्या माणसांची चित्रे काढीत नसत. त्यांचे सेनापती नाव नसलेले असत. उपाशी माणसाच्या ताटात पातेल्यातून डावाने पदके वाढणारा सेनापती, अशा थाटाचे. २०११ साली त्यांनी बशार यांचेच चित्र काढायला सुरुवात केली. एका चित्रात लिबियाचा पळून चाललेला गद्दाफी मोटार हाकतो आहे आणि बशार हातात बॅग घेऊन 'मलाही घे' म्हणून रस्त्याकडेला उभे आहेत. ऑगस्टात बुरखेधारी माणसांनी फरजात यांना भर शहरात गाठले आणि त्यांचे हात ठेचले. फरजात यांनी त्यानंतर आपले इस्पितळातले चित्र काढले. दोन्ही हातांना बँडेज, आणि एकाचे एकच बोट वर. ते कोणते, हे कौटुंबिक अंकात सांगता येत नाही.

मग युद्ध आले. पहिल्या दहा वर्षांत ३ लाखांहून अधिक नागरिक मारले गेले, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. निम्म्याहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. एका बाजूने सरकारची विमाने, दुसऱ्या बाजूने धर्माच्या नावाने तलवार उपसलेले. पाल्मिरा या प्राचीन नगरीची चाळीस वर्षे निगा राखणारे खालिद अल्-असद वयाच्या ऐंशीनंतरही तिथेच राहिले. हलविलेल्या मूर्ती कुठे आहेत ते सांगितले नाही म्हणून ऑगस्ट २०१५ मध्ये अतिरेक्यांनी त्यांचा शिरच्छेद केला.

दुसरे एक शिर त्याआधीच उडविले गेले होते, तेही पुतळ्याचे. मआर्रा या गावी हजार वर्षांपूर्वी अबुल अला अल्-मआर्री हा कवी होऊन गेला. चौथ्या वर्षी देवीने डोळे गेले. तरुणपणी बगदादला जाऊन आला आणि मग घरातच बसून राहिला. मांस, मासे तर सोडलेच, पण दूध आणि मधही घेईना. ती वासरांची आणि माश्यांची चोरी, असे त्याचे म्हणणे. कोणत्याही धर्माच्या पुढाऱ्याला प्रश्न विचारल्याशिवाय त्याने सोडले नाही. आणि तरीही तो अंथरुणावर म्हातारा होऊन मेला, त्याच्या गावाने त्याला जपले! अकराव्या शतकाने ज्याला सांभाळले, त्याच्या दगडी पुतळ्याचे डोके २०१३ साली अतिरेक्यांनी उडवले. काळ पुढे जातो म्हणजे माणूसही पुढे जातोच असे नाही.

८ डिसेंबर २०२४ रोजी बशार असद मॉस्कोला पळाले. फरजात यांच्या चित्रातली बॅग शेवटी खरी ठरली, फक्त मोटारीऐवजी विमान आले. तुरुंगांची दारे उघडली, चौकांत लोक नाचले. हे पाहायला रियाद अल्-तुर्क नव्हते. १ जानेवारी २०२४ रोजी, अकरा महिने आधी, ते परदेशात वारले.

आता पहाट झाली, असे लिहून लेख संपविण्याचा मोह होतो. पण तसे लिहिणे वाचकांची फसवणूक होईल. सत्ता आली ती एकेकाळच्या जिहादी सेनानीच्या, अहमद अल्-शरा यांच्या, हाती. मार्च २०२५ च्या तात्पुरत्या घटनेत विचारस्वातंत्र्य आणि स्त्रियांचे हक्क लिहिले आहेत. इस्लामी धर्मशास्त्र हा कायद्याचा मुख्य आधार, हेही लिहिले आहे. नव्या मंत्रिमंडळात स्त्री एकच, हिंद कबावत. ख्रिस्तीही त्या एकट्याच. त्याच मार्चमध्ये समुद्रकाठी हजाराहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत बहुतेक अलवी. जूनमध्ये दमास्कसच्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना स्फोट झाला. जुलैमध्ये द्रूझांच्या सुवैदात रक्त सांडले. १९२५ ची घोषणा ज्या प्रदेशातून उठली, तो हाच सुवैदा.

मग आशा कशाची धरायची? मला वाटते, मोठ्या गोष्टींची नको. एखाद्या दिवाणखान्यात पुन्हा खुर्च्या मांडल्या जातील, राज्यकर्त्याचे चित्र काढणारा रात्री आपल्या पायांनी घरी जाईल, आणि 'हत्ती' असे एकाने म्हटल्यावर मागचे चार जण वाक्य पुरे करतील, एवढी धरली तरी पुष्कळ. वन्नूस यांनी १९९६ सालच्या जागतिक रंगभूमी दिनाचा संदेश लिहिला. तेव्हा त्यांना कर्करोगाने घेरले होते. पुढच्याच वर्षी ते गेले. आशा करणे ही आपल्याला सुनावलेली शिक्षाच आहे, अशा अर्थाचे त्यांनी त्यात म्हटले होते. शिक्षा हा शब्द मला फार आवडतो. शिक्षा कंटाळा आला म्हणून सोडता येत नाही.

दोमरीचे काम तरी दुसरे काय होते? त्याचे दिवे सकाळी विझतच. संध्याकाळी तो पुन्हा निघे. कालचे दिवे का टिकले नाहीत म्हणून तो घरी बसला नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपल्या पणतीतले तेल संपत आले की घरातले कुणीतरी मुकाट्याने उठून थोडे घालते. त्या वेळी यंदा क्षणभर त्या दूरच्या गल्ल्यांची आठवण ठेवा, एवढेच मागणे.

आणि मुले निकाल घेऊन घरी आली की 'काय दिवे लावलेत' असे जरा जपून विचारा. ते काम दिसते तितके सोपे नाही.