मुलाला जुनी गाडी घ्यायचीय?

मैत्रिणींनो, एके काळी मुलगा कॉलेजात गेला की सायकल मागायचा, पुढे स्कूटर मागू लागला. आता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली मुलं जुनी का होईना, पण चारचाकी म्हणतात. नावं ठेवण्यासारखं त्यात काही नाही. माझ्या नणंदेच्या घरचंच पाहा. त्या तासगावला असतात, संधिवातापायी महिन्यातून दोनदा मिरजेला डॉक्टरांकडे जावं लागतं आणि एस.टी.च्या पायऱ्या आता त्यांना चढवत नाहीत. मुलगा सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याने शिकवण्या करून साठवलेले आणि आजीने ठेव मोडून दिलेले मिळून सव्वादोन लाख रुपये जमले, आणि मित्राला घेऊन तो जुन्या गाड्या विकणाऱ्या एका डीलरकडे गेला.

वीस वर्षांच्या पोराला दुकानात कोणी 'साहेब' म्हटलं, चहा मागवला आणि गाडीतली गाणी मोठ्याने लावून दाखवली, की निम्मा सौदा तिथेच होतो. 'संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय' एवढं ऐकल्यावर याने १०,००० रुपये विसार देऊन टाकला. पावतीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं होतं की विसार परत मिळणार नाही.

वन्संचा फोन आला, 'अगं, तू एकदा बघून ये बाई. मला यातलं काही कळत नाही.'

इंजिनातलं मलाही ओ की ठो कळत नाही. त्यासाठी आमच्या ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर नेलं, त्याने ५०० रुपये घेतले. (हे पैसे वाचवू नयेत.) मात्र काही गोष्टी बायकांना मेकॅनिकच्या आधी कळतात. उदाहरणार्थ, वास. सांगली-कोल्हापूरकडच्या बायकांना ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरानंतरचा घरातला तो कुबट वास सांगायला नको. पुरात बुडालेल्या गाड्याही धुऊन-पुसून, सेंट मारून विकायला येतात. त्या वायरींत पाणी गेलेलं असलं तर गाडी काही महिने छान चालते आणि एक दिवस भर रस्त्यात बसते. म्हणून सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढून पाहावा, गढूळ पाण्याची रेघ तिथे हमखास राहते. पायाखालचा गालिचा उचलून हात लावावा, स्टेपनीखालच्या खळग्यात गाळ आहे का आणि सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का ते बघावं. याने ठरवलेल्या गाडीला तो वास नव्हता. शेजारच्या पांढऱ्या गाडीला होता, आणि रांगेत सगळ्यात चकचकीत तीच होती!

मी घरून फ्रीजवरचं चुंबकही नेलं होतं. पत्र्याच्या दारावर ते चिकटायला हवं. घसरून पडलं तर रंगाखाली जाड पुट्टी भरलेली आहे, म्हणजे तिथे कधीतरी ठोकर बसलेली आहे. (बंपर प्लॅस्टिकचे असतात, तिथे हा प्रयोग करू नये.) काटा ४१,००० किलोमीटर दाखवत होता, पण ब्रेकच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. काटा मागे फिरवता येतो, रबर मात्र नवं घालायचं बरेचदा विसरतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी असतात, मालकामार्फत त्या मागवाव्यात. टायरवर चार आकडे असतात. ३२१९ असलं तर टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. आणि जाण्याआधी 'गाडी गरम करून ठेवू नका' असं बजावावं. थंड इंजिन कसं सुरू होतं, त्यावर पुष्कळ कळतं.

हे सगळं एका बाजूला आणि कागद एका बाजूला. आर.सी. बुक पाहिलं तर मालक कोल्हापूरचे एक निवृत्त गृहस्थ, आणि गाडीवर बँकेचा बोजा तसाच. डीलर म्हणाला, 'ताई, नाव चढायला महिना-दोन महिने जातात, गाडी तर घेऊन जा.' इथेच मी थांबले, कारण याच्याच वर्गातल्या एका मुलाचं प्रकरण मला ठाऊक होतं. त्यानेही नाव न चढवताच गाडी नेली होती. सात महिन्यांनी मूळ मालक दंडाच्या चलानांचा गठ्ठा घेऊन कॉलेजच्या दारात उभे! गाडी पळवत होता मुलगा, चलान येत होती त्या बिचाऱ्यांच्या नावाने.

दंडावर निभावलं तर नशीब. गाडी २००७ साली विकली, पुढे ती आणखी दोन-तीन हातांत गेली, नोंद मात्र कोणीच बदलली नाही आणि २००९ मध्ये अपघात झाला, असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २०१८ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. त्यामुळे घेणारीने तर पाहावंच, पण आपली जुनी गाडी विकणारीनेही 'पैसे मिळाले, सुटलो' म्हणू नये.

यावर नियम झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आर.टी.ओ.चं अधिकारपत्र लागतं, आणि मालकाने त्याच्या ताब्यात गाडी दिल्याची नोंद सरकारी संकेतस्थळावर करायची असते. तेव्हापासून त्या गाडीची जबाबदारी डीलरवर. अधिकारपत्र दाखवा म्हणावं. खरा असेल तो दाखवतो. आमच्या डीलरने कॅलेंडरवरच्या गणपतीकडे बोट दाखवलं.

नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात, बोजा उतरवायला ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेचा ना-हरकत दाखला. मुलाकडून कोऱ्या फॉर्मवर सही घेऊ देऊ नये. नंबर के.ए. म्हणजे कर्नाटकचा असेल तर तिकडचा ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा रस्ता-कर, हे दोन्ही खर्च किमतीत धरावेत. विम्याचं तर लोक विसरूनच जातात. दुसऱ्याला इजा झाली तर त्याचा विमा गाडीबरोबर येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. तो १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, आणि जुन्या मालकाची 'नो क्लेम'ची सवलत त्याच्याकडेच राहते.

आम्ही उरलेले पैसे दिले नाहीत. बोजा उतरू दे, मग बघू म्हटलं. भाचा दोन आठवडे माझ्याशी बोलत नव्हता. 'मामी, तू सगळं मोडलंस,' एवढंच म्हणाला. बँकेचा दाखला काही आला नाही. विसारही मिळेना. शेवटी वन्संनी ग्राहक आयोगात जाण्याचं लेखी पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं, तेव्हा १०,००० पैकी ७,००० परत आले. उरलेल्या तीन हजारांसाठी त्या अजून आयोगात जायचं म्हणतात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि आधी नुसतं विचारायचं असेल तर १९१५ या नंबरावर फोन केला तरी चालतो. फोन करताना विसाराची पावती हाताशी ठेवावी.