ब्रायर पाइप : इंग्रजांच्या खाती चुकून जमा झालेली वस्तू

ब्रायरचा पाइप म्हटला की लंडनचे धुके, चामड्याची खुर्ची आणि वाकड्या पाइपातून धूर सोडणारा शेरलॉक होम्स डोळ्यांसमोर उभा राहतो. या वस्तूचे मूळ गाव दुसरेच असेल, अशी शंकाही कोणास येत नाही. हा समज निखालस खोटा आहे, आणि ज्यांनी ती घडवली त्यांच्यावर अन्याय करणाराही आहे.

नावापासूनच घोटाळा आहे. इंग्रजीत 'ब्रायर' म्हणजे काटेरी झुडूप. म्हणून हा पाइप रानगुलाबाच्या मुळापासून होतो, असे काहीजण छातीठोकपणे सांगतात. वस्तुतः हा शब्द फ्रेंच 'ब्रुयेर'पासून आला. ते हीथ वर्गातील झुडूप, शास्त्रीय नाव एरिका आर्बोरिआ. कॉर्सिका, इटली, अल्जीरिया अशा भूमध्यसागरी प्रदेशात ते वाढते. त्याच्या खोडाच्या बुडाशी, मुळे फुटतात तेथे, जमिनीत एक कठीण गाठ धरते. ती खणून काढायची, कापायची, तासन्‌तास उकळून तिच्यातील रस उतरवायचा आणि मग कित्येक महिने सावकाश वाळवायची.

मातीची चिलीम ओल्या फडक्याच्या छापीशिवाय कोणी ओढत नाही. या गाठीचे लाकूड मात्र पोटात निखारा असूनही तळहाताला कोमटच लागते आणि धुरातील ओल शोषून घेते. पाइप ओढणाऱ्याचे सुख त्या लाकडात आहे, कंपनीच्या शिक्क्यात नाही. (सुखद म्हणजे निरुपद्रवी नव्हे. पाइप ओढणाऱ्यांच्या ओठांना होणाऱ्या कर्करोगाची नोंद जर्मन शरीरशास्त्रज्ञ झोमरिंग याने १७९५ मध्येच केली होती.)

नेपोलियनच्या जन्मस्थानाच्या यात्रेस गेलेल्या एका भक्ताचा पाइप फुटला आणि कॉर्सिकातील शेतकऱ्याने त्याला ब्रायरचा पाइप कोरून दिला, ही कथा तर सर्वत्र चिकटवली जाते. त्या यात्रेकरूला नाव नाही, शेतकऱ्याला नाव नाही, समकालीन कागदाचा आधार नाही. अशा गोष्टीला इतिहास म्हणू नये.

खरा इतिहास फ्रान्सच्या ज्यूरा पर्वतातील सँ-क्लोद या गावाचा आहे. तेथील मठाच्या यात्रेकरूंसाठी जपमाळा व लाकडी वस्तू कातणारे कारागीर पिढ्यानपिढ्या होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रायर त्यांच्या चरकावर चढले आणि हे डोंगरी गाव पाइपांची राजधानी बनले. तेथील कामगार केवळ पाइप करून थांबले नाहीत. १८८१ मध्ये गावात ग्राहक सहकारी संस्था उभी राहिली. तिचा नफा सभासदांत वाटून न घेता सामाईक कामांसाठी ठेवण्याची रीत तेथे रुजली, आणि त्यातूनच 'लोकगृह' बांधले गेले. पाइपवरील किती लेखांत याचा उल्लेख सापडतो?

लंडननेच पाइपला दर्जा दिला, असा युक्तिवाद होतो. डनहिलने १९१० पासून उत्तम पाइप केले, हे मान्य. पण त्याच्याआधी, १८७९ मध्ये, लंडनमध्ये कारखाना थाटणारा आंरी कोमॉय हा सँ-क्लोदचाच होता. विद्या तिकडून आली.

राहिला होम्स. कॅलाबॅश, म्हणजे वाळल्या भोपळ्याचा तो मोठा वाकडा पाइप, कॉनन डॉयलच्या एकाही कथेत नाही. ब्रायर मात्र आहे. 'द यलो फेस' (१८९३) या कथेत विसरून राहिलेला एक जुना ब्रायर होम्सच्या हाती पडतो. किंमत साडेसात शिलिंग, पण चांदीची कडी बसवून दोनदा दुरुस्त केलेला. तेवढ्या पैशांत नवा आला असता. मालकाचा त्यावर किती जीव आहे, हे होम्स तेथेच ओळखतो. वाडगीची एक बाजू करपलेली असते, कारण हा गृहस्थ काडीऐवजी दिव्यावर पाइप पेटवत असे. जीव होता, निगा नव्हती. निगेला फारसे लागत नाही: ओढून झाल्यावर पाइप पूर्ण थंड होऊ द्यावा, नळीतून तार-कापसाची काडी फिरवावी, एखादा दिवस विसावा द्यावा, आतील काजळीचा थर नाण्याच्या जाडीपलीकडे गेला की खरवडावा. आणि पाइप गरम असताना नळी पिळून काढू नये. सांध्याशी लाकूड तडकते.